भोरड्या आणि बांध

आमच्या सेवाकाळातील चार वर्षे त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावी गेली. आमचा जन्म वसईच्या बागायतीतला. ज्वारीचे उभे पीक आम्ही तेथेच प्रथम जवळून पाहिले. नाताळची धामधूम ओसरते न ओसरते तोच कणसांत दाणा भरू लागतो आणि नेमकी त्याच सुमारास शाळेतील हजेरी गळू लागते. पहिल्या वर्षी आम्ही पालकांना बोलावून चांगलेच फैलावर घेतले. एकाने शांतपणे सांगितले, "फादर, पाखरं राखायला पोरं लागत्यात." दुसऱ्या दिवशी आम्ही शिवारात गेलो. माळ्यामाळ्यावर आमचेच विद्यार्थी गोफणी घेऊन उभे होते. डबे बडवले जात होते, हाकारे उठत होते, जुन्या कॅसेटींतल्या फिती ताटांवरून ताणून बांधलेल्या होत्या व वाऱ्यावर घुमत होत्या. आणि भोरड्यांचा थवा एका रानातून उठून दुसऱ्यात उतरत होता.

भोरडी ही साळुंकीच्या कुळातली. अंग फिकट गुलाबी. डोके, पंख आणि शेपूट काळी. माथ्यावर मागे कललेला तुरा. एकटी भोरडी सहसा दिसत नाही. शेकड्यांनी आणि हजारांनी उतरावे, दुधात आलेला दाणा टिपावा, कलकलाट करीत उठावे, हा तिचा दिनक्रम. सायंकाळी तळ्याकाठच्या बाभळींवर निजण्यापूर्वी सगळा थवा आकाशात असा काही वळतो की एखादी काळी चादर कोणी झटकीत असावे. वसंतात पळस, पांगारा, सावर फुलले की तीच भोरडी मधासाठी फुलांवर जाते आणि कपाळी पराग माखून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर फिरते. तिला पळसमैना म्हणतात ते त्यामुळेच. वड-पिंपळाची बीजेही ती दूरवर नेऊन टाकते.

त्या वर्षी एका मोठ्या मळेकऱ्याने आम्हाला विचारले, "फादर, ही पाखरं देवानं कशापायी केली?" प्रश्नात चेष्टा नव्हती. त्याच्या चार एकर ज्वारीचा एक कोपरा भुईपासून दोन हात उंचीवर नुसत्या भुंड्या कणसांचा झाला होता. आम्ही सेमिनरीत शिकलेले एक उत्तर दिले: सृष्टीत प्रत्येकाचा वाटा आहे, इत्यादी. त्याने ते आदरपूर्वक ऐकून घेतले. ऐकून घेणे आणि पटणे यांतील अंतर आम्हा धर्मगुरूंना नित्याचेच आहे.

खरे उत्तर फार दूर होते, हे आम्हाला पुढे वाचनातून कळले. एप्रिलच्या सुमारास भोरड्या निघतात आणि वायव्येकडे मजल मारीत मध्य आशियाच्या गवताळ माळांवर पोचतात. कझाकस्तान, उझबेकिस्तान, चीनचा शिनजियांग प्रांत हे त्यांचे माहेर. तेथे दगडांच्या राशींत आणि कपारींत त्यांच्या हजारो घरट्यांच्या वसाहती वसतात. पिलांचे पोषण मुख्यतः टोळांवर आणि नाकतोड्यांवर होते. ज्या वर्षी जेथे टोळ उदंड, तेथे वसाहत. पुढच्या वर्षी तीच जागा ओस. टोळांनी गवत फस्त केले की तेथील मेंढपाळाची जनावरे उपाशी मरतात. म्हणून शिनजियांगमध्ये १९८०च्या दशकापासून या पाखरांसाठी दगडांच्या राशी रचल्या जातात, कृत्रिम घरटी बांधली जातात. पिले उडाली की जुलै-ऑगस्टपासून थवे आपल्याकडे परतू लागतात आणि वर्षाचा मोठा भाग येथेच काढतात.

म्हणजे ज्या पाखरासाठी एक मनुष्य घर बांधतो, त्याच पाखरावर दुसरा गोफण फिरवतो. आणि दोघेही आपापल्या ठिकाणी शहाणेच आहेत. युरोपातील भोरडीच्या भावंडाची कथा याहून विचित्र आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८९० साली युजीन शिफेलिन या गृहस्थाने त्यातली साठेक पाखरे आणून सोडली, पुढल्या वर्षी आणखी चाळीस. आज अमेरिकेत ती कोट्यवधी आहेत आणि सरकारी खातेच ती मोठ्या संख्येने मारते. इकडे ब्रिटनमध्ये मात्र तेच पाखरू इतके घटले आहे की चिंताजनक पक्ष्यांच्या तांबड्या यादीत त्याचे नाव आहे. पाखरू तेच, त्याची चोचही तीच. 'उपद्रवी' हा शब्द पाखराच्या अंगी कोठे आहे, हे शोधू गेल्यास सापडत नाही. तो आपल्या खतावणीत आहे.

परंतु येथे थांबणे म्हणजे मळेकऱ्याची फसवणूक होय. पाखरू निर्दोष आहे असे सिद्ध केल्याने कणगी भरत नाही. नुकसान खरे आहे. नफा कझाक मेंढपाळाचा आणि तोटा नगरच्या शेतकऱ्याचा. या दोघांत हिशेब मिटवणारे कोणी नाही. ज्याला तोटा सोसावा लागतो त्यानेच सृष्टीची थोरवी समजून घ्यावी, असे ज्याच्या पोळीचे पीठ दुकानातून येते त्याने सांगू नये. आम्ही ते सांगितले होते.

दुसऱ्या वर्षी तोच मळेकरी पुन्हा आला. म्हणाला, "शेतावर येऊन पवित्र पाणी शिंपडा, म्हणजे पाखरं उतरायची नाहीत." मध्ययुगात युरोपातील धर्मन्यायालयांत टोळांवर आणि उंदरांवर रीतसर खटले चालत, ओतँ नगरीच्या उंदरांची बाजू सोळाव्या शतकात शासनने नावाच्या वकिलाने मांडली होती, हे आम्हाला ठाऊक होते. संत थॉमस अक्विनास यांनी तर बुद्धिहीन प्राण्याला शाप देणे योग्य की नाही असा प्रश्नच उभा केला आहे. त्यांचे उत्तर असे, की देवाची निर्मिती म्हणून त्याला शाप देणे ही ईश्वरनिंदा, आणि नुसता प्राणी म्हणून देणे हे व्यर्थ. हे सर्व पाठ असूनही आम्ही गेलो. शाप कोठे द्यावयाचा आहे, आशीर्वादच तर द्यावयाचा आहे, अशी आम्ही मनाची समजूत घातली. चारी कोपऱ्यांवर पाणी शिंपडले.

त्याच्या बांधाला लागून एका विधवा बाईचे दीड एकर होते. तिचा मुलगा आमच्याकडे सातवीत होता आणि आमच्याच दटावणीमुळे त्या हंगामात रोज शाळेत येत होता. मळेकऱ्याने दोन गडी माळ्यावर ठेवले. पाखरे त्याच्या रानातून उठली आणि जेथे गोफण नव्हती तेथे उतरली. जानेवारीअखेर त्या बाईने येऊन मुलाचे नाव काढून घेतले. रागाचा एक शब्द बोलली नाही. एवढेच म्हणाली, "तुम्ही त्यांच्या रानात पाणी शिंपडलं ते मी पायलं, फादर."

पाखरे येऊ नयेत, अशी आम्ही प्रार्थना केली होती. येथे येऊ नयेत म्हणजे कोठे जावीत, हे आम्ही देवाला सांगितले नव्हते. कारण ते आम्ही स्वतःला विचारलेच नव्हते.

पुढे काही वर्षांनी शिक्षणासाठी आमचे रोमला जाणे झाले. तेथे हिवाळ्यात तेर्मिनी स्थानकासमोरील झाडांवर युरोपी मैनांचे प्रचंड थवे निजावयास येतात. रोमकर छत्री उघडून त्यांच्याखालून जातात, विष्ठेबद्दल कुरकुरतात. नगरपालिका ध्वनिवर्धकावरून पाखरांचेच भयाचे आवाज ऐकवून त्यांना हुसकते. हुसकलेला थवा दुसऱ्या रस्त्यावरच्या झाडांवर जाऊन बसतो. हे पाहून आम्हाला नगरचे शिवार आठवल्यावाचून राहिले नाही. शेजारच्याच एका प्रासादाच्या छतावरून इटालियन पदार्थवैज्ञानिकांनी त्या थव्यांची छायाचित्रे घेतली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की थव्यातील प्रत्येक पाखरू संपूर्ण थव्याकडे नव्हे, तर आपल्या अगदी निकटच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवून वळते. मग ते शेजारी हातभर दूर असोत की दोन हात. थव्याला पुढारी नसतो.

यावरून शेजारधर्माचे प्रवचन रचण्याचा मोह आम्हाला झाला होता, हे कबूल करतो. पण पाखराचे ते लक्ष प्रेमापोटी नसते. बहिरी ससाणा झडप घालतो तेव्हा कडेचे पाखरू सापडते, आणि कडेला राहावयाचे कोणालाच नसते. दीड एकरवाली बाई कडेची होती.

रोमला जाण्यापूर्वीचा आमचा त्या गावातील अखेरचा हंगाम. मळेकऱ्याने पुन्हा बोलावले. आम्ही गेलो, मात्र पाणी शिंपडताना बांधावर थांबलो नाही, चालत चालत बाईच्या रानातही गेलो, आणि तिच्या पलीकडच्याही. मळेकरी मागून येत होता. काही बोलला नाही. पाखरे त्या वर्षीही उतरलीच, तिन्ही रानांत. माळ्यावर कोणी कोणत्या पाळीला बसावे याविषयी त्या घरांत काही बोलणे झाले म्हणतात. ते आमच्यासमोर झाले नाही. फेब्रुवारीत तो मुलगा शाळेत परत आला. सहामाहीचे पुस्तक त्याने हरवले होते, ते आम्ही दुसरे दिले.