एका 'स्टॉप'वर किती दिवस भागवणार?

"सर, मी मराठी माध्यमाचा." हे आता पुरे. इंग्रजी तुला पहिलीपासून आहे. बारा वर्षं माध्यमावर खापर फोडून झालं, अजून किती फोडणार?

बैलगाडा शर्यतीवर निबंध सांगितला होता. विषय तुझा, घरचा. घाटात गाडा सुटला की तुझा पाय घरात ठरत नाही. कुठल्या गावच्या गाड्याने किती सेकंदांत घाट मारला, ते तुला तोंडपाठ. आणि लिहिलंस काय? कोर्टाने रेस 'स्टॉप' केली, सरकारने बंदी 'स्टॉप' केली, कोर्टाने परत 'स्टॉप' केली. कोणी काय थांबवलं, तुझं तुला तरी कळलं का?

नीट ऐक. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली, ती 'बॅन'. त्याच निकालात तमिळनाडूचा जल्लिकट्टूचा कायदा रद्दबातल ठरवला, ते 'स्ट्राइक डाऊन'. २०१७ मध्ये महाराष्ट्राने शर्यतींसाठी कायदा दुरुस्त केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला परवानगी देण्यापासून रोखलं, ते 'रिस्ट्रेन'. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शर्यतींना वाट मोकळी केली. बंदी उठते तिथे 'लिफ्ट'. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. तिथे तर काही थांबलंच नाही. तू तिथेही 'स्टॉप' ठोकलास!

हे सगळं तुला माहीत होतं. निकालाच्या दिवशी गुलाल उधळायला तूच पुढे होतास ना? मग कागदावर का नाही उतरलं? कारण शब्द शोधायला उठावं लागतं, आणि तिथेच तुझं अंग जड होतं.

तीन कृषी कायद्यांचं बघ. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना 'स्टे' दिला. नोव्हेंबरात संसदेने ते 'रिपील' केले. स्टे उद्या उठू शकतो. रिपील झालेला कायदा गेला तो गेला. उद्या जमिनीच्या दाव्याचा कागद हातात येईल, त्यावर यातलाच एक शब्द असेल. तेव्हा कोणाच्या दारात जाऊन उभा राहणार?

"शब्द फार आहेत, सर." मराठीत कमी आहेत का? काढणीआधी कांद्याचं पाणी तोडतात. बांधाचा तंटा मिटवतात. जमलेलं लग्न मोडतात. चूल विझवतात. मंचरला भाव कोसळला की शेतकरी लिलाव बंद पाडतात, आणि व्यापारी रुसले की बंद ठेवतात. पाडणं आणि ठेवणं यातला फरक तुला कोणी शिकवला? कोणीच नाही. कान उघडे होते, म्हणून कळला. इंग्रजीचा तास सुरू झाला की तेच कान कुठे जातात? तंटा मिटवणं 'सेटल', लग्न मोडणं 'कॉल ऑफ', चूल विझवणं 'पुट आऊट'. यात कुठला डोंगर उचलायचाय?

आणि वडिलांनी तंबाखू सोडली, ते तू कसं लिहिलंस? 'स्टॉप्ड टू ईट'. म्हणजे हातातलं काम थांबवून त्यांनी तंबाखू खाल्ली! त्या माणसाने इतक्या वर्षांची सवय निग्रहाने सोडली, आणि लेकाने कागदावर परत त्यांच्या तोंडात घातली. 'स्टॉप्ड ईटिंग' हवं होतं. 'गेव्ह अप' तर त्याहून नेमकं, कारण त्यात सोडणाऱ्याचं मन दिसतं. फळ्यावर लिहून दिलं होतं. तेव्हा मान हलवलीस. लिहून घेतलं होतंस का?

संविधानाचं १७ वं कलम काढून वाच. अस्पृश्यतेसाठी तिथे 'स्टॉप' नाही. ती 'अबॉलिश' केली आहे, म्हणजे मुळासकट नष्ट. आणि ती पाळणं 'फॉरबिड' केलं आहे, म्हणजे मनाई. एवढंसं कलम, पण प्रथेला एक क्रियापद आणि ती पाळण्याला दुसरं. लिहिणाऱ्यांनी एकेक शब्द तोलला. तुला दोन पानांच्या निबंधात दोनदा शब्दकोश उघडवत नाही?

मोबाईलमध्ये सगळं मिळतं म्हणतोस. मिळतं ना? मग रील बघायला डेटा पुरतो आणि शब्दाचा अर्थ बघायला संपतो, हे कसं? मला फसवशील रे, पण परीक्षेच्या पेपरपुढे स्वतःला कसं फसवणार?

ढ पोरावर मी एवढा घसा कोरडा केला नसता. तू ढ नाहीस, म्हणून तर राग येतो.

आजपासून रोजच्या पेपरातली एक बातमी घे: कांद्याची निर्यातबंदी, एसटीची रद्द फेरी, बंद पडलेला कारखाना, काहीही. काय संपलं, कोणी संपवलं, कायमचं की तात्पुरतं, ते मराठीत लिही आणि समोर इंग्रजी क्रियापद मांड. शनिवारी वही दाखव. आणि "रात्री लाईट नव्हती, सर," हे सांगायला येऊ नकोस. पेपर सकाळी येतो.