ऋण, नेम आणि फळ

कडेगावच्या बाजूस कोणी ऋण काढून विहीर खणली व पाणी लागले नाही, तर लोक त्यास दुर्दैवी म्हणतात. वेडा म्हणत नाहीत. तेच ऋण मुलीच्या धनुष्यासाठी काढले तर? शेजारच्या साताऱ्यात अदिती स्वामीच्या शिक्षक वडिलांनी ते काढले. उसाच्या शेतातील मैदानावर, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली, ती नेम धरण्यास शिकली. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्लिन येथे जगज्जेती झाली. अंतर ५० मीटर, दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे; अंतिम सामन्यातील १५ बाणांत तिचे गुण १४९, मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराचे १४७.

आता सर्व जण त्या पित्यास दूरदर्शी म्हणतात. हा न्याय आम्हांस खटकतो. मुलगी बर्लिनपर्यंत पोहोचलीच नसती, तर निर्णय तोच, ऋणही तेवढेच. पण हीच तोंडे 'अविचार' म्हणाली असती! फळावर दृष्टी ठेवू नये, असे आपण कर्त्यास बजावतो. परीक्षकास तसे कोणी बजावीत नाही. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिला वैयक्तिक कांस्यपदक मिळाले. म्हणून काय पित्याची दूरदृष्टी दोन पायऱ्या उतरली?

तथापि एक शंका आम्हांस सोडीत नाही. विहिरीचे ऋण माणूस स्वतःच्या घामाच्या भरवशावर काढतो. येथे मात्र बापाच्या ऋणाचा भार मुलीच्या खांद्यावर येण्याचा संभव होता, आणि बाण सोडताना तोच खांदा निश्चल राहावा लागतो.