खांब अजून उभे आहेत

आपण दुःख सोसलं म्हणून दुसऱ्याला दुःख देण्याचा हक्क मिळतो का? लोव्हिस कोरिंट या जर्मन चित्रकाराचं ‘आंधळा केलेला सॅमसन’ हे तैलचित्र पाहिल्यापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. १९१२ सालचं मूळ चित्र बर्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी पाहिलं ते पुस्तकात छापलेलं.

सॅमसन म्हणजे मराठी बायबलमधला शमशोन. अचाट ताकदीचा. गाढवाच्या जबड्याच्या हाडानं त्यानं हजार पलिष्टी मारले. दलीलेनं त्याच्या बळाचं गुपित काढून घेतलं, केस कापवले. शत्रूंनी त्याचे डोळे फोडले आणि गाझाच्या तुरुंगात त्याला दळण दळायला बसवलं.

चित्रात पराक्रम नाहीच. डोळ्यांवर रक्तानं भिजलेली पट्टी, हातांत साखळदंड. चाचपडत तो थेट आपल्याकडेच येतोय. १९११च्या डिसेंबरात कोरिंटला पक्षाघात झाला होता, डाव्या अंगातली शक्ती गेली होती. पत्नी शार्लोट, स्वतःही चित्रकार, हिच्या आधारानं तो पुन्हा रंगवू लागला. म्हणूनच असेल, हे दुखणं बाहेरून पाहिलेलं वाटत नाही.

असा माणूस दारात आला तर आधी पापपुण्याचा हिशेब मागायचा? मला वाटतं, नाही. आधी हात द्यायचा.

पण गोष्ट पुढे आहे. केस वाढतात, तो देवळाचे खांब पाडतो आणि सगळ्यांसह स्वतःही मरतो. नुसत्या गच्चीवरच सुमारे तीन हजार स्त्रीपुरुष होते. त्यांतल्या कितीजणांनी त्याचे डोळे फोडले होते?

आपल्या घरांतूनही हे चालतंच की. सासुरवास भोगलेली बाई सुनेला म्हणते, “आम्ही नाही का सोसलं?” तिचं सोसणं खरंच असतं, कुणी कधी विचारपूसही केलेली नसते. पण छप्पर कोसळतं ते सुनेवर, आणि ती तर तेव्हा जन्मलीही नव्हती.

कोरिंटनं नेमका मधला क्षण रंगवलाय. डोळे गेलेत, खांब अजून उभे आहेत. विचारपूस करायची ती याच वेळी. आणि जिनं सोसलंय तिनंही थोडं थांबावं. त्या देवळात शमशोनाचा हात धरून त्याला खांबांपाशी नेणारा एक मुलगा होता. त्याचं पुढे काय झालं, बायबल सांगत नाही.