शाळेचे ऋण आणि गावाचा हिशेब

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या रेशमी वस्त्रांच्या विणकामासाठी ओळखले जाणारे आणि धानशेतीच्या पट्ट्यात वसलेले गाव आहे. अशा गावांतील लहान प्राथमिक शाळांचा विचार सहसा पटसंख्या, वर्गखोल्या आणि शिक्षकांची रिक्त पदे या अंगांनी होतो. परंतु या शाळांशी जोडलेला एक प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतो आणि त्याच्याकडे क्वचितच लक्ष जाते. मुलांचे आईवडील, आजीआजोबा आणि गावातील इतर माणसे शाळेसाठी वेळ, श्रम किंवा पैसा देतात, तेव्हा त्या देण्याचे नैतिक स्वरूप काय असते, म्हणजे ते दान असते, मागच्या पिढ्यांच्या ऋणाची फेड असते, की सर्वांवर समान असलेले कर्तव्य असते? पालकसभेत कोणाचे बोलणे ऐकले जाईल, शाळेच्या भिंतीवर कोणाचे नाव रंगवले जाईल आणि कोणता पालक मागच्या रांगेत मान खाली घालून बसेल, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

कायद्याने या बाबतीत एक भूमिका घेतलेली आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्याच वेळी मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदवले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाने, म्हणजे २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने, शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान मिळावे, असे त्यात म्हटले आहे. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो ते पाहणे ही समितीची कामे होत. मात्र समितीची रचना ठरवता आली तरी पालकाने तेथे कोणत्या भावनेने बसावे हे कायदा ठरवू शकत नाही, आणि तेथेच तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर ऋणाच्या कल्पनेत सापडते. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो. त्यांपैकी ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूजवळ राहून केलेल्या अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फिटते. शतपथ ब्राह्मणात या तिन्हींना चौथ्या मनुष्यऋणाची जोड दिलेली असून ते आतिथ्याने, म्हणजे माणसाला आसरा व अन्न देऊन, फेडावयाचे असते. शिवाय तेथे ऋणाची ही अवस्था अस्तित्वात असलेल्या प्रत्येकाला लावलेली दिसते. ज्ञान ही स्वतःची कमाई नसून आधी कोणीतरी दिलेली ठेव आहे आणि ती पुढे पोचवल्याखेरीज माणूस मोकळा होत नाही, ही या विचाराची खरी ताकद होय. ज्या गावात एखादा म्हातारा विणकर नातवाच्या वर्गात येऊन ताणा आणि बाणा म्हणजे काय, कोशाचे सूत कसे निघते आणि धोटा कसा चालतो हे समजावून सांगू शकतो, तेथे ऋषिऋणाचा अर्थ ग्रंथांपुरता मर्यादित राहत नाही, कारण हाताच्या विद्येलाही पूर्वसूरी असतात. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या योजनेचा, पाया हाच होता की घरातील आणि गावातील श्रम हे शिक्षणाच्या बाहेरचे नसून त्याचे माध्यम आहेत.

तरीही ऋणाची कल्पना या प्रश्नाला पुरी पडत नाही. पहिली अडचण अशी की ऋणाचे तोंड मागे असते. देणे पूर्वजांचे असते आणि समोर बसलेले मूल त्या फेडीचे साधन ठरते, त्यामुळे मुलाने काय व्हावे हे मुलापेक्षा घराण्याच्या अपेक्षांवरून ठरू लागते. दुसरी अडचण अशी की ऋण फिटते. आपले मूल चौथी किंवा पाचवी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले की पालकाचा शाळेशी संबंध संपावा, असाच निष्कर्ष या तर्कातून निघतो. तिसरी अडचण इतिहासाची आहे, आणि ती सर्वांत गंभीर आहे. ज्या समाजघटकांना शतकानुशतके अध्ययनाचा अधिकारच नाकारला गेला, त्यांना ऋषींनी काय दिले होते म्हणून त्यांनी ते फेडावे? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हा हिशेब उलटा मांडला. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असा त्यांचा आक्षेप होता. या दृष्टीने पाहता विणकराचे, शेतमजुराचे किंवा धीवराचे कुटुंब शाळेचे ऋणको नसून धनको ठरते. त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करण्याआधी त्याचे थकलेले देणे चुकते करणे भाग असते.

ऋणानंतर दानाचा विचार करावा लागतो, कारण व्यवहारात गावाचा शाळेतील सहभाग मुख्यतः याच रूपाने दिसतो. शासकीय परिभाषेत ज्याला लोकसहभाग म्हणतात आणि गावात ज्याला लोकवर्गणी म्हणतात, त्यातून पंखे, पाण्याची टाकी, रंगकाम, खेळाचे साहित्य अशा गोष्टी शाळेला मिळतात आणि त्यांवर बहुधा कोणाच्या तरी स्मरणार्थ असे लिहिलेले असते. दानाच्या नीतीविषयी धर्मपरंपरांत विलक्षण एकवाक्यता आढळते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्राला दिलेले दान सात्त्विक मानले असून फळाची इच्छा धरून दिलेले दान राजस ठरवले आहे. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात उघड दान चांगले, पण गरिबाला गुपचूप दिलेले अधिक चांगले, असे सांगितले आहे. आणि मत्तयच्या शुभवर्तमानात दानाचा गाजावाजा करण्याचा स्पष्ट निषेध आहे. या तिन्ही ठिकाणी दात्याच्या मनाची चिंता आहे. शाळेच्या संदर्भात मात्र घेणाऱ्या बाजूचीही चिंता करावी लागते, कारण तेथे घेणारे मूल रोज त्या भिंतीखाली बसते आणि आपल्या वडिलांचे नाव तेथे नाही हे त्याला वाचता येऊ लागताच कळते.

येथे शाळेच्या वार्तेचा, म्हणजे शाळा गावाला स्वतःविषयी काय सांगते याचा, प्रश्न उभा राहतो. पूर्वी गावाला काही कळवायचे असल्यास कोतवाल दवंडी देत असे. आज दर्शनी फलक, परिपाठ, म्हणजे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार आणि बातम्या यांचा सकाळचा सामूहिक कार्यक्रम, पालकसभा आणि पालकांचा व्हॉट्सॲप गट ही साधने आहेत. या साधनांतून जे सांगितले जाते त्याचे तीन प्रकार करता येतात: सूचना, सत्कार आणि हिशेब. सूचना म्हणजे सभेची तारीख, लसीकरण, सुट्टी. सत्कार म्हणजे देणगीदारांचे व गुणवंतांचे कौतुक. आणि हिशेब म्हणजे किती अनुदान आले, कशावर खर्च झाले, किती मुले वाचू लागली, कोणती मुले येईनाशी झाली आणि का, याचे निवेदन. पहिल्या दोन प्रकारांना कोणाचा विरोध नसतो, तिसरा प्रकार मात्र अवघड असतो, कारण त्यात उत्तर द्यावे लागते. धर्मपरंपरांनी दान झाकण्यास सांगितले आणि लोकशाहीने व्यवहार उघडे करण्यास सांगितले. या दोन्ही आज्ञा एकत्र पाळल्या तर दात्याचे नाव लहान होते आणि जमाखर्च मोठ्या अक्षरांत येतो. याच्या उलट घडले, म्हणजे नावे ठळक आणि हिशेब कपाटात राहिला, तर शाळा दात्यांची होते आणि गाव तिचे उपकृत होते.

शाळेला ज्ञानमंदिर म्हणण्याची रीत या संदर्भात तपासून पाहण्यासारखी आहे. या उपमेमागील आदर खरा असला तरी तिच्यातून शिक्षकाला पुजाऱ्याचे आणि पालकाला भक्ताचे स्थान मिळते, आणि भक्त हिशेब विचारत नसतो. विदर्भाच्या संतपरंपरेने मात्र श्रद्धेची वेगळी तऱ्हा दाखवून दिलेली आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा गावात शिरताच प्रथम खराट्याने रस्ते झाडत आणि मग कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. घरातील भांडी विकावी लागली तरी मुलांना शिकवा, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रामगीतेत गावालाच देवाचे रूप मानून स्वच्छता, श्रमदान, शिक्षण आणि सामुदायिक प्रार्थना ही एकाच उपासनेची अंगे म्हणून मांडली. दोघांनीही सेवेला पूजेचा दर्जा दिला, पण ती सेवा सर्वांना करता येईल अशी होती. खराटा उचलण्यासाठी श्रीमंती लागत नाही. त्यामुळे श्रमाच्या मापाने मोजल्यास गावातील सर्वांत गरीब घरही सर्वांत मोठ्या देणगीदाराच्या बरोबरीला येते.

या विचाराला अधिक स्पष्ट तात्त्विक रूप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात मिळते. कोलंबिया विद्यापीठात ते ज्यांचे विद्यार्थी होते ते अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की समाज परस्पर संज्ञापनाने, म्हणजे अनुभवांच्या देवाणघेवाणीने, टिकतो. नुसते जवळजवळ राहिल्याने माणसांचा समाज होत नाही. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात हाच धागा पकडून दाखवले की सारख्या चालीरीती असणेही पुरेसे नसते. सामाईक कार्यात प्रत्यक्ष वाटा असावा लागतो, तेव्हाच एकाचे यशापयश दुसऱ्याला आपले वाटते. पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी धम्म हा मूलतः सामाजिक असल्याचे मांडले: एकट्या माणसाला धम्माची गरज नसते, परंतु दोन माणसे कोणत्याही नात्याने एकत्र आली की ती अटळ होते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जेथे हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि आदिवासी कुटुंबांची मुले एकाच वर्गात बसतात, प्राथमिक शाळा हे अशा सामाईक कार्याच्या फार थोड्या ठिकाणांपैकी एक ठिकाण असते. देवळे, विहारे आणि मशिदी वेगळ्या असतात, वस्त्याही बहुधा वेगळ्या असतात. शाळेची ओसरी एक असते. म्हणूनच कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा किंवा त्यांचे समूह शाळांत विलीनीकरण करण्याचा विचार केवळ खर्चाच्या आकड्यांनी करता येत नाही.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की सहभागाला धर्म ठरवले तर ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यावर पापाचे ओझे पडते. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या मजूर स्त्रीला किंवा मागावरून उठले की त्या दिवसाची मजुरी बुडणाऱ्या विणकराला दुपारच्या सभेस न आल्याबद्दल उदासीन म्हणणे हा अन्याय होय. या आक्षेपाचे उत्तर असे की कर्तव्य सामाईक असेल तर ते पार पाडण्याची सोय करणे हेही त्याच कर्तव्यात येते: सभा सायंकाळी घेणे, हंगाम पाहून तारीख ठरवणे, वाचता न येणाऱ्यांसाठी हिशेब मोठ्याने वाचून दाखवणे, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी जाणे. दुसरा आक्षेप सद्सद्विवेकाचा आहे. बहुसंख्य कुटुंबांचा उत्साह वाढला की त्यांच्या पूजाअर्चाही शाळेत येतात आणि अल्पसंख्य कुटुंबाचे मूल एकटे पडते. संविधानाच्या अनुच्छेद २८ ने संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात धर्मांविषयीची माहिती देणे आणि एखाद्या धर्माची शिकवण देणे यांत भेद केला, तर १९८६ मध्ये केरळातील बिजो इमॅन्युएल प्रकरणात राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढणे अवैध ठरवले. फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या ग्रंथात एकाच घरातील माणसांनी निरनिराळे धर्म स्वीकारूनही प्रेमाने एकत्र नांदावे अशी कल्पना आहे. जे घराला शक्य मानले गेले ते शाळेला अशक्य मानण्याचे कारण नाही.

तेव्हा दान, ऋण आणि कर्तव्य यांपैकी शाळेतील सहभागाला लागू पडते ते तिसरे, आणि पहिल्या दोहोंना त्याच्या मर्यादेत राहूनच जागा मिळू शकते. पूर्वसूरींविषयीची कृतज्ञता सहभागाला प्रेरणा देऊ शकते आणि दान त्याला साधने पुरवू शकते, परंतु अधिकार यांपैकी कशातूनही निर्माण होत नाही. पालकाचा अधिकार त्याच्या समान स्थानातून येतो, आणि ते स्थान एक रुपयाही न देणाऱ्यालाही तितकेच असते. हे मान्य केले म्हणजे सहभाग मोजण्याचे मापही बदलते. स्वतःच्या मुलासाठी शाळेत येणे ही माया आहे, आणि ती बहुतेक घरांत शिकवल्याशिवायच असते. धर्म या नावाला पात्र होणारी गोष्ट त्यापुढे सुरू होते: ज्या मुलाचे पालक सभेला येऊ शकले नाहीत, त्या मुलाच्या वाचनाविषयी, हजेरीविषयी आणि ताटातल्या जेवणाविषयी सभेत दुसऱ्याच कोणीतरी प्रश्न विचारणे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या गावाला कळेल अशा रीतीने देणे शाळेने आपले काम मानणे.