काउंटीचा कारभार आणि कमिशनरांची प्रार्थना

अमेरिकेत राज्य सरकारच्या खालची महत्त्वाची पायरी म्हणजे काउंटी. देशात सुमारे ३,००० काउंटी सरकारे आहेत. विस्ताराने काउंटी आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखी असली तरी तिचा कारभार जिल्हाधिकाऱ्याकडे नसतो. तो लोकांनी निवडून दिलेल्या एका छोट्या मंडळाकडे असतो. बहुतेक राज्यांत या मंडळाच्या सदस्यांना काउंटी कमिशनर म्हणतात, व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्नियात सुपरवायझर म्हणतात. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक काउंट्यांत असे तीनच कमिशनर असतात, तर इतरत्र पाच, सात किंवा नऊ. अनेक मंडळांच्या सभेची सुरुवात प्रार्थनेने होते. ज्या आसनावरून कर ठरतो, नेमणुका होतात आणि परवाने मिळतात, त्याच आसनावरून एका धर्माची प्रार्थना म्हणावी का, हा प्रश्न गेली कित्येक वर्षे या मंडळांपुढे आणि न्यायालयांपुढे आहे. केवळ प्रार्थनेचा विचार करून त्याचे उत्तर मिळत नाही. मंडळ नेमके काय काम करते, ते आधी पाहावे लागते.

उत्तर कॅरोलिना राज्याचे उदाहरण घेता येईल. तेथे १०० काउंट्या आहेत आणि आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. काउंटी मॅनेजर अर्थसंकल्पाचा मसुदा तयार करून मंडळापुढे ठेवतो. त्यावर जनसुनावणी होते आणि मगच मंडळ तो मंजूर करते. कायद्याने हा अर्थसंकल्प समतोल असावा लागतो, म्हणजे तूट दाखवून वर्ष सुरू करता येत नाही. काउंटीचे स्वतःचे सर्वांत मोठे उत्पन्न मालमत्ता कराचे. घर-जमिनीच्या दर १०० डॉलर मूल्यामागे किती सेंट कर घ्यायचा, हा दर मंडळ ठरवते. दरात दोन-तीन सेंटांचा फरक पडला तरी शाळेची नवी इमारत होणार की नाही, रुग्णवाहिकेचे आणखी एक पथक उभे राहणार की नाही, हे त्यावर ठरते. शिक्षकांच्या पगाराचा मोठा भाग राज्य देते, पण शाळांच्या इमारती आणि रोजचा बराचसा खर्च काउंटीच्या माथी असतो. शेरीफ लोकांमधून थेट निवडून येतो, तरी त्याच्या खात्याला आणि तुरुंगाला लागणारा पैसा मंडळच मंजूर करते.

नेमणुकांचे अधिकारही असेच दूरवर पोचतात. काउंटी मॅनेजर, काउंटीचा वकील आणि मंडळाचा लिपिक यांना मंडळ नेमते. त्याशिवाय नियोजन, आरोग्य, समाजकल्याण, ग्रंथालय अशा कितीतरी समित्यांवर सामान्य नागरिकांना घेतले जाते. त्यासाठी अर्ज मागवतात आणि निवड मंडळाच्या मताने होते. सेवांची यादी मोठी आहे: कचरा डेपो, सार्वजनिक आरोग्य, बालसंरक्षण, वाचनालये, आपत्कालीन मदत, जमीनवापराचे नियम. शेतजमिनीवर दुकान बांधायचे असेल, घरामागे जोडइमारत हवी असेल किंवा एखादा व्यवसाय निवासी भागात चालवायचा असेल, तर नागरिकाला अनेकदा अर्ज घेऊन मंडळापुढे उभे राहावे लागते. काही प्रकरणांत तर मंडळ न्यायाधीशासारखे बसते, साक्षीपुरावा ऐकते आणि एका ठरावीक माणसाच्या बाजूने किंवा विरुद्ध निर्णय देते.

इथेच काउंटीचे मंडळ आणि राज्याची विधानसभा यांच्यात मोठा फरक पडतो. विधानसभेत नागरिक प्रेक्षकांच्या सज्जात बसतो आणि त्याच्या नावाचा निर्णय तेथे सहसा होत नाही. काउंटीच्या सभागृहात मात्र तो पहिल्या रांगेत असतो, तीन मिनिटांसाठी ध्वनिक्षेपकापुढे उभा राहतो, कमिशनर त्याला चेहऱ्याने ओळखतात आणि त्याच संध्याकाळी त्याच्या अर्जावर मतदान होते. सत्ता इतकी जवळ आली की तिची छोटीशी खूणसुद्धा मोठी वाटू लागते.

प्रार्थनेला अमेरिकेत जुनी परंपरा आहे. १७८९ मध्ये पहिल्या काँग्रेसने धर्मोपदेशक नेमले आणि त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती मांडली. या इतिहासाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये नेब्रास्का विधानसभेतली प्रार्थना वैध ठरवली. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस या नगराच्या खटल्यात हेच तत्त्व स्थानिक मंडळांना लागू झाले. निकाल ५ विरुद्ध ४ असा होता. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचे होते. प्रार्थना म्हणायला येणारे बहुतेक जण ख्रिस्ती होते, तरी नगराने कोणालाही मुद्दाम वगळले नव्हते, हे त्यांनी मान्य केले. पण त्यांनी एक मर्यादाही घातली. मंडळाने लोकांना प्रार्थनेत सामील व्हायला सांगितले, न होणाऱ्यांना वेगळे काढले किंवा सामील होण्या-न होण्याचा परिणाम निर्णयावर होईल असे सूचित केले, तर निकाल वेगळा लागू शकेल. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी निकालपत्रात भर दिला तो नगरसभेच्या स्वरूपावर: तेथे नागरिक प्रेक्षक म्हणून येत नाहीत, आपले गाऱ्हाणे घेऊन येतात.

या मर्यादेची कसोटी लागली ती उत्तर कॅरोलिनातल्या रोवन काउंटीत. तेथे पाच कमिशनरांचे मंडळ होते आणि प्रार्थना बाहेरचा कोणी म्हणत नसे, कमिशनर स्वतःच पाळीपाळीने म्हणत. सभा सुरू झाली की अध्यक्ष सर्वांना उभे राहायला सांगत. एक कमिशनर प्रार्थना म्हणे, पाठोपाठ राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा होई आणि मग विषयपत्रिका उघडली जाई. २००७ ते २०१३ या काळातल्या प्रार्थनांपैकी ९७ टक्के प्रार्थना येशूच्या नावाने झाल्या. तीन रहिवाशांनी २०१३ मध्ये दावा लावला. २०१७ मध्ये चौथ्या सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १० विरुद्ध ५ मतांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती हार्वी विल्किन्सन यांच्या निकालपत्रात चार गोष्टी एकत्र तोलल्या आहेत: प्रार्थना कमिशनरच म्हणतात, दुसऱ्या कोणाला संधी नाही, प्रार्थना जवळजवळ नेहमी एकाच धर्माच्या असतात, आणि हे सारे घडते ते नागरिकांची कामे ठरवणाऱ्या सभेत. यांतली एकच गोष्ट असती तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

त्याच वर्षी मिशिगनमधल्या जॅक्सन काउंटीच्या खटल्यात सहाव्या सर्किटने उलट निर्णय दिला. तेथे नऊ कमिशनर अशाच पद्धतीने प्रार्थना म्हणत. पूर्ण पीठाने ९ विरुद्ध ६ मतांनी त्यांची पद्धत मान्य केली. लोकप्रतिनिधींनी स्वतः प्रार्थना म्हणण्याची परंपराही जुनी आहे आणि उद्या वेगळ्या श्रद्धेचा माणूस निवडून आला तर तो आपली प्रार्थना म्हणेल, असा बहुमताचा आधार होता. मात्र या खटल्याच्या नोंदीत एक प्रसंग आहे. आक्षेप घेणारा रहिवासी बोलायला उभा राहिला तेव्हा एका कमिशनरने खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली. पुढे काउंटीच्या घनकचरा नियोजन समितीसाठी त्याने अर्ज केला, पण मंडळाने त्याचे नाव सुचवले नाही. बहुमताने यात सक्तीचा पुरावा पाहिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये रोवन आणि जॅक्सन ही दोन्ही प्रकरणे ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे जी प्रार्थना उत्तर कॅरोलिनात घटनाबाह्य, तीच मिशिगनमध्ये वैध, अशी स्थिती राहिली. रोवन काउंटीला पुढे फिर्यादींच्या वकिलांचा अडीच लाख डॉलरांहून अधिक खर्च द्यावा लागला. तोही लोकांच्याच करातून आला.

कमिशनरांच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद हलका नाही. इतरांचा पैसा ज्याच्या हाती आहे त्याने आपल्याहून मोठ्या शक्तीपुढे नम्र व्हावे, चुकीचा निर्णय होऊ नये म्हणून मार्गदर्शन मागावे, यात धार्मिक दृष्टीने खोल अर्थ आहे. श्रद्धा घरी ठेवून या, असे श्रद्धावान माणसाला सांगणे म्हणजे त्याच्या विवेकाचा एक भागच घरी ठेवायला सांगणे. पण या युक्तिवादातून कमिशनरने प्रार्थना करावी एवढेच सिद्ध होते. सभागृहातल्या सर्वांनी उभे राहून ती ऐकावी, हे सिद्ध होत नाही. नम्रता आणि मार्गदर्शन ही गरज आसनावर बसण्याआधी, दाराबाहेर, मनातल्या मनात पूर्ण होऊ शकते. प्रार्थनेचे प्रदर्शन न करता ती एकांतात करावी, ही शिकवण बायबलमधल्या डोंगरावरील प्रवचनातही आहे. सभेतल्या प्रार्थनेने देवाशी असलेल्या नात्यात काही भर पडत नाही. भर पडते ती समोर उभ्या असलेल्या लोकांची, आणि त्या लोकांचे अर्ज अजून मंजूर व्हायचे असतात.

हाच विचार पैशाच्या वाटपात अधिक स्पष्ट दिसतो. न्यू जर्सीतल्या मॉरिस काउंटीने २०१२ ते २०१५ या काळात ऐतिहासिक इमारतींच्या जतनासाठी १२ चर्चना सुमारे ४६ लाख डॉलर दिले. हा निधी मालमत्ता करातून येत होता आणि तो उभारण्यास मतदारांनी संमती दिलेली होती. पण काही चर्चनी अर्जांतच लिहिले होते की दुरुस्ती झाली तर उपासना चालू ठेवता येईल. चर्च बांधण्या-दुरुस्त करण्यासाठी कोणावरही कराचा बोजा टाकू नये, ही तरतूद न्यू जर्सीच्या घटनेत १७७६ पासून आहे. तिच्या आधारे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एकमताने ही अनुदाने बेकायदा ठरवली. २०१९ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने अपील घेतले नाही. तरीही सर्वांना खुल्या असलेल्या अनुदानातून केवळ धर्मसंस्थांना वगळणे हा भेदभाव नव्हे काय, असा सवाल न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी उपस्थित केला. त्याआधी २०१७ मध्ये मिझुरीतल्या एका चर्चच्या शाळेला मैदानाच्या सुरक्षित पृष्ठभागासाठीचे अनुदान नाकारता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. चर्चमधून काउंटीचा इतिहास बोलतो हे खरे. पण याच काउंटीतल्या पार्सिपनीसारख्या वस्त्यांत भारतीय वंशाचे कितीतरी करदाते राहतात, आणि त्यांच्या घरपट्टीतून दुसऱ्याच्या देवघराचे छप्पर शाकारले जात होते, हेही खरे. मैदान सर्वांच्या मुलांना लागते, उपासनागृह तिथल्या भक्तांनाच. ही रेघ सहज दिसत नसली तरी ती ओढणे कमिशनरांचे काम आहे.

नेमणुकांबाबत घटना अधिक कडक आहे. सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही, असे अमेरिकी घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात म्हटले आहे, पण ते केंद्रीय पदांपुरते मानले जाई. मेरीलँडमध्ये नोटरी म्हणून नेमल्या गेलेल्या एका माणसाने देवावर विश्वास असल्याची घोषणा करायला नकार दिला, म्हणून त्याला अधिकारपत्र मिळाले नाही. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि तत्त्व राज्यांनाही लागू झाले. सर्वशक्तिमान देवाचे अस्तित्व नाकारणारा पदास अपात्र, हे कलम उत्तर कॅरोलिनाच्या घटनेत आजही छापलेले आहे, पण ते अमलात आणता येत नाही. फ्लोरिडातल्या ब्रेव्हर्ड काउंटीत प्रश्न वेगळ्या रूपाने आला. तेथे सुरुवातीची प्रार्थना कोणी म्हणायची ते कमिशनर निवडत आणि निरीश्वरवाद्यांना ती संधी नाकारत. २०१९ मध्ये अकराव्या सर्किटने ही निवडपद्धत घटनाबाह्य ठरवली. श्रद्धा पाहून वक्ता निवडण्याची सवय लागली की समितीचा सदस्य निवडतानाही तीच नजर वापरली जाण्याचा धोका असतो.

सेवेच्या बाबतीत धर्माचा भेद सर्वांत जास्त बोचतो, कारण तेथे विषय अगदी साधा असतो. व्हर्जिनियातल्या कल्पेपर काउंटीत एका इस्लामी संस्थेने मशिदीसाठी जागा घेतली. तिथली माती शोषखड्ड्याला योग्य नव्हती, म्हणून मैला टाकीत साठवून टँकरने उपसून नेण्याचा परवाना मागितला. १९९२ पासून अशा २६ अर्जांचा काउंटीने विचार केला होता आणि व्यापारी किंवा धार्मिक वापरासाठी एकही नाकारला नव्हता. हा अर्ज मात्र एप्रिल २०१६ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला गेला. केंद्रीय न्याय खात्याने धार्मिक जमीनवापराचे संरक्षण करणाऱ्या २००० च्या कायद्याखाली दावा लावला आणि २०१७ मध्ये तडजोड होऊन परवाना मिळाला. या सभेत कोणी कोणती प्रार्थना म्हटली, याला महत्त्व नाही. परवान्याचे निकष एक होते, अर्जदार पाहून ते बदलले, एवढीच अन्यायाची गोष्ट.

या सर्व प्रकरणांतून एक तत्त्व हाती लागते. अधिकार नागरिकाच्या जितका जवळ, तितका अधिकाऱ्याच्या श्रद्धेच्या उच्चाराला संयम हवा. काही मंडळांनी त्यासाठी क्षणभर मौनाचा मार्ग स्वीकारला आहे, काहींनी सर्व श्रद्धांना आणि अश्रद्धांनाही खुली पाळी ठेवली आहे. मौन सोपे आहे. खुली पाळी निभावायला कठीण, कारण नावडती प्रार्थनाही ऐकून घ्यावी लागते. या दोन्ही मार्गांत कमिशनरची श्रद्धा अबाधित राहते आणि नागरिकाला आपला अर्ज मांडण्याआधी स्वतःच्या देवाचा हिशेब द्यावा लागत नाही. अर्थसंकल्पात प्रत्येकाचा कर सारखा मोजला जातो. नेमणुकीत आणि परवान्यात प्रत्येक माणूसही तसाच सारखा मोजला गेला, तर श्रद्धावान कमिशनरने आपल्या पदाशी आणि आपल्या देवाशी, दोघांशीही इमान राखले असे म्हणता येईल.