देह नाशवंत, मग औषध कशास?

संतांनी देहाविषयी दोन प्रकारची भाषा केली आहे. एकीकडे देह नाशवंत, मातीचा, चार दिवसांचा सोबती. दुसरीकडे नरदेह दुर्लभ, परमार्थाचे साधन. कीर्तनात आपण दोन्ही ऐकतो. पहिली भाषा ऐकून कोणी देहाकडे पाठ फिरवितो, दुसरी ऐकून कोणी देहाला कुरवाळीत बसतो, आणि दोघेही संतांचेच नाव पुढे करतात. अंगात बळ असते तोवर या दोहोंचा मेळ घालण्याची गरज पडत नाही. ती दुखण्यात पडते.

माहूर येथे कीर्तन संपल्यावर एका वृद्ध माउलीने शंका विचारली ती अशी : "महाराज, हाडं पोकळ झाली मनतेत डॉक्टर. लेक मनतो इंजेक्शन घे. पण तुमीच सांगता, देह जायचाच हाय. मंग जायच्या घराला गिलावा कायला करू?" प्रश्न साधा आहे, पण वेदान्ताच्या गाभ्याला हात घालणारा आहे. शिवाय तो तिच्या एकटीचा नाही. गडाच्या पायऱ्या चढताना कठड्याला धरून थांबणारी कितीतरी म्हातारी माणसे हाच प्रश्न मनात घेऊन चढत असतात. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

प्रथम दुखणे काय ते पाहू. इंग्रजी वैद्यकात याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपल्याकडे अस्थिसौषिर्य म्हणतात, आणि ही कल्पना आजची नव्हे. वाग्भटाने अष्टांगहृदयात मज्जाक्षयाची लक्षणे देताना हाडांना पोकळी येते असे सांगितले आहे. वायू हा अस्थींच्या आश्रयाने राहतो, आणि तो वाढला की ज्याच्या आश्रयाने राहिला त्यालाच झिजवितो, असेही तो सांगतो. शरीरात हाडे किती यावर मतभेद आहेत. चरक ३६० मोजतो, सुश्रुत ३००, आजचे शारीरशास्त्र २०६. पण उतारवयात ती झिजतात यावर तिघांचाही वाद नाही.

आजचे वैद्यक आणखी एक गोष्ट सांगते. हाड दगडासारखे अचल नाही. जुने हाड खाणाऱ्या पेशी एकीकडे आणि नवे बांधणाऱ्या दुसरीकडे, असा उद्योग जन्मभर अखंड चालू असतो. तिशीच्या सुमारास शिल्लक सर्वांत अधिक असते. पुढे हळूहळू जमेपेक्षा खर्च वाढतो. स्त्रियांची पाळी गेल्यानंतरची काही वर्षे हा खर्च फारच वेगाने होतो. पुरुषही सुटत नाहीत, त्यांची वेळ उशिरा येते इतकेच. डेक्सा नावाच्या यंत्राने हाडांची घनता मोजतात आणि निरोगी तरुण माणसाशी ताडून आकडा देतात. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला म्हणजे अस्थिसौषिर्य, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली. या दुखण्याची वाईट खोड अशी की ते दुखत नाही. आतल्या आत तुळई पोखरली जाते, बाहेर रंग तसाच. मग एक दिवस ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि मनगट किंवा खुबा मोडतो. किंवा घागर उचलताना पाठीचा मणका दबतो. आरोळी तेव्हा ऐकू येते, चोरी मात्र कैक वर्षे आधीपासून चाललेली असते.

आता पूर्वपक्ष. औषध नको म्हणणारे तीन गोष्टी सांगतात. देह जायचाच आहे. जे होते ते प्रारब्धाने होते. आणि औषधोपचार म्हणजे देहाची आसक्ती. तिन्ही वचने ऐकायला धार्मिक वाटतात. पण नीट पारखून पाहावीत.

देह जायचाच आहे, हे खरे. गीतेत देहाला वस्त्राचा दृष्टान्त दिला आहे, तो सर्वांना पाठ आहे. पण वस्त्र एक दिवस टाकायचे आहे म्हणून घरची बाई ते उसवले की शिवीत नाही काय? आपल्याकडे तर जुन्या लुगड्याची वाकळ होते आणि ती नातवंडांच्या अंगावर पडते. टाकण्याचा दिवस धन्याने ठरवायचा. तोवर फाडणे आपले काम नव्हे. देह ही ठेव आहे. ठेव आपली नसते, म्हणूनच ती आपल्या वस्तूपेक्षा अधिक जपावी लागते. स्वतःचा पैसा उधळणाऱ्याला लोक मूर्ख म्हणतात, दुसऱ्याची ठेव उधळणाऱ्याला चोर म्हणतात.

दुसरे, प्रारब्ध. दुखणे प्रारब्धाने आले असेल, तर त्यावरचे औषध आपल्या दारापर्यंत आले ते कोणाच्या प्रारब्धाने? भूक लागली असता प्रारब्धात असेल तर पोट भरेल असे म्हणून कोणी हात आखडीत नाही. ज्या ऋषींनी कर्मविपाक मानला त्यांनीच आयुर्वेदही लिहिला, आणि अस्थींच्या विकारांवर दूध, तूप व कडू द्रव्यांनी सिद्ध केलेला बस्ती सांगून ठेवला. त्यांना वैराग्य कमी कळत होते असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

तिसरे, आसक्ती. येथे मात्र जपून बोलले पाहिजे, कारण आक्षेपात तथ्य आहे. देहाची चिंता माणसाला गिळू शकते. सकाळ-संध्याकाळ आकडा, गोळी, वेदना यांखेरीज दुसरा विषय नाही अशी माणसे आपण पाहतो. पण ती आसक्ती औषधात नसते, चित्तात असते. औषध न घेणाराही दिवसभर कंबर धरून देहाचेच चिंतन करतो की नाही? कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वती घोर तप करीत असता बटूच्या वेषातले शंकर तिला विचारतात की, शक्ती पाहून तप करतेस ना, शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे. हे बोलणारा स्मशानात राहणारा, भस्म लावणारा विरागी आहे, हे लक्षात घ्यावे. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात, देहातील भूतांना व त्यांत वसणाऱ्या देवाला कष्टविणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे.

एकादशीच्या व्रतस्थांना एक शंका नेहमी पडते, तीही येथेच फेडून टाकू. ज्यांनी व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टी महाभारतात सांगितल्या आहेत : पाणी, कंद, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि आठवे औषध. तेव्हा उपवासाच्या नावाखाली औषध चुकवू नये.

इतका शास्त्रार्थ झाला. पण या औषधाबरोबर राहणे कसे असते हे ग्रंथात सापडत नाही. म्हणून माझेच उदाहरण देतो. दुसऱ्याचे दुखणे चव्हाट्यावर मांडणे बरे नव्हे. माझ्या मणक्यांचा आकडा उणे २.८ निघाला. अलेंड्रोनेट नावाची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, असा उपचार ठरला. नियम मोठे सोवळ्याचे. पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही. आणि नंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाही तर अन्ननलिकेला इजा होते. मी त्या वेळी हरिपाठ म्हणतो. सावकाश म्हटला की अर्धा तास कसा गेला कळत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ही गोळी घेतल्याने काहीही वाटत नाही. तापावरचे औषध घेतले की ताप उतरतो, डोकेदुखीवरचे घेतले की डोके हलके होते. हिचे तसे नाही. महिने जातात आणि काहीच घडत नाही. काही न घडणे हेच तिचे फळ! जे हाड मोडले नाही, ते कोणत्या दिवशी मोडायचे होते हे कोण सांगणार? दोन वर्षांनी माझा आकडा उणे २.५ झाला, एवढ्याशा फरकासाठी शंभरावर पहाटा गेल्या. मला वाटते, निष्काम कर्म म्हणजे काय हे अनेक वर्षे प्रवचनातून सांगितले जाते, ते हे औषध मुकाट्याने शिकवते. करायचे, नेमाने करायचे, आणि फळ दिसत नाही म्हणून सोडायचे नाही. आपल्या नामाचे तरी दुसरे काय आहे? आज माळ ओढली म्हणून आज काही दिसत नाही.

नेमाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. सर्वांना एकच औषध नसते. काही औषधे हाड खाणाऱ्या पेशींना आवरतात. माझी गोळी त्यांतलीच. झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेतून देतात. डेनोसुमॅबची सुई दर सहा महिन्यांनी असते, आणि ती मध्येच सोडून दिली तर झीज उसळी घेते, मणके एकामागून एक दबू शकतात. दुसरी औषधे गवंड्यांना कामाला लावतात, जसे टेरिपॅराटाइड, रोज एक सुई, फार तर दोन वर्षे. पण नंतर दुसऱ्या औषधाने ते बांधकाम राखले नाही तर कमावलेले निघून जाते. या औषधांना दोषही आहेत. क्वचित जबड्याचे हाड मरते, क्वचित मांडीचे हाड विचित्र रीतीने मोडते. म्हणून दात आधी दाखवावेत, मूत्रपिंडाची तपासणी करावी, आणि गोळी किती वर्षे घ्यावयाची हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. सोबत नाचणी, तीळ, दूध, कोवळे ऊन, रोजचे चालणे हवेच. तंबाखू-बिडी सुटली पाहिजे. नुसत्या गोळीवर भार टाकणारा आणि नुसत्या नाचणीवर भार टाकणारा, दोघेही अर्धेच काम करतात.

आणखी एक दृष्टान्त आपल्याच मुलखातला आहे. नांदेड-यवतमाळ भागातील काही गावांच्या कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. लिटरला दीड मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दात डागाळतात, सांधे आखडतात, हाडे जड व ताठ होतात. गंमत अशी की हेच फ्लोराइड एके काळी हाडे भरण्याचे औषध म्हणून तपासले गेले. अमेरिकेत २०२ स्त्रियांवर चार वर्षे प्रयोग झाला. त्याचा निकाल १९९० साली प्रसिद्ध झाला. कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्के वाढली, पण मणके मोडण्याचे म्हणावे तसे कमी झाले नाही, आणि इतर हाडे मोडण्याचे उलट वाढले. आकडा चढला, बळ आले नाही. घट्टपणा म्हणजे बळ नव्हे. चांगल्या हाडाला चुन्याचा कठीणपणा लागतो तशी थोडी लवही लागते. वैराग्याचेही असेच आहे. जे नुसते कठीण असते ते वरून भारी दिसते आणि पहिल्या धक्क्याला तडकते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहिला. वैराग्य माणसाने स्वतःच्या देहाविषयी धरावे. दुसऱ्याच्या देहाविषयी धरू नये. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन आळंदीहून पंढरपूर, सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्या आपल्या आयाबहिणी आहेत. घरी त्यांची पाठ वाकते तेव्हा काय म्हणतात? "वय झालं आता. नामस्मरण कर." मुलाच्या मोटारसायकलीला हप्ता निघतो, आईच्या तपासणीला देह नाशवंत असल्याचे आठवते! हे वैराग्य नव्हे, ही कंजुषी आहे, आणि तिने वैराग्याची माळ घातली आहे. नाम तर घ्यायचेच. पण ते औषधाच्या ऐवजी नव्हे, औषधाबरोबर.

माउलींनाही एक सांगणे. "लेकराच्या गळ्यात भार नको" म्हणून अनेकजणी दुखणे लपवितात. खुबा मोडल्यावर किती भार होतो याचा हिशेब करावा. आजची गोळी लेकरावरची दया आहे. आणि सर्व करूनही पडणे आलेच, तर सेवा घेण्याची लाज धरू नये. माहूरची स्थलकथा काय सांगते? परशुरामाने एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात माता रेणुका अशी कावड खांद्यावर घेतली आणि कोरी भूमी शोधीत तो येथे आला. जगन्माता झाली तरी ती पुत्राच्या कावडीत बसली. सेवा करणे हा धर्म, तसे वेळ आल्यावर सेवा घेणे हाही धर्मच.

कोणी म्हणेल, दधीचीने तर अस्थी देऊन टाकल्या. होय, दिल्या, पण देवांनी मागितल्या तेव्हा, लोकांच्या रक्षणासाठी. त्यापूर्वी त्या त्याने झिजू दिल्या नाहीत, तपाने राखल्या. म्हणून त्यांचे वज्र झाले. देण्यासाठी राखणे आणि साठविण्यासाठी राखणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. औषध घेताना एवढेच विचारावे की हे हाड कोणासाठी राखतो? उत्तर वारी, सेवा, नातवाला उचलून घेणे, देवळाची पायरी झाडणे असे आले, तर खुशाल घ्यावे.

आणि शेवटी देह जाईल तेव्हा? मंगळवेढ्यास १३३८ साली कूस कोसळून चोखोबाराय गेले. नामदेवराय अस्थी वेचू लागले तेव्हा ज्या हाडातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी खूण पटली, आणि त्या अस्थी पंढरीस महाद्वारासमोर विसावल्या, असे परंपरा सांगते. त्या हाडांची घनता कोणी मोजली नव्हती. हाड भरण्याचे काम वैद्याच्या औषधाने होते तेवढे करून घ्यावे. त्यात नाम भरण्याचे काम दुसऱ्या कोणाकडून होत नाही. दोन्ही कामे आजच सुरू करावीत, कारण दोन्हींना वर्षे लागतात.

रामकृष्णहरी.