पुराव्याशी गाठ: बेंगळुरूचे हायस्कूल आणि सामाजिक शास्त्रांचा तास

विद्यार्थ्याला प्रश्न पडण्याआधीच त्याच्या हाती उत्तर पडते, हे हायस्कूलमधला सामाजिक शास्त्रांचा तास कंटाळवाणा होण्याचे मूळ कारण आहे. कर्नाटकाच्या आठवी ते दहावीच्या अभ्यासक्रमात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन अशी सहा अंगे एकाच विषयात बांधलेली आहेत. या प्रत्येक शास्त्राचे निष्कर्ष मुलांपर्यंत पोचतात, पण ते निष्कर्ष कशावरून निघाले, कोणी काढले आणि त्यांवर कोणते आक्षेप घेतले गेले हे बहुधा पोचत नाही. मग घोकण्याखेरीज करण्यासारखे काही उरत नाही. यावर उपाय म्हणून प्रश्नमंजूषा, वेशभूषा, नाट्यीकरण, चित्रफिती यांचा आधार घेतला जातो. त्यांनी वर्गात चैतन्य येते हे खरे असले, तरी तेच तयार उत्तर पुन्हा एकदा नटवून समोर येत असेल, तर विद्यार्थ्याच्या विचाराला त्यातून फारसे काम मिळत नाही. टिकणारी गोडी निर्माण होते ती पुराव्याशी थेट गाठ पडल्यावर, आणि त्या दृष्टीने बेंगळुरूतील शिक्षक भाग्यवान आहे, कारण त्याच्या शाळेच्या आसपासच अशा गाठीभेटींची सामग्री विखुरलेली आहे.

शहराच्या दक्षिणेस बेगूर येथे पार्वती-नागेश्वर मंदिराच्या आवारात एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक म्हणून उभारलेली कोरीव शिळा, मिळाली. गंग राजवंशाच्या काळातील, साधारण इ. स. 890 च्या सुमारास कोरलेल्या तिच्यावरील कन्नड लेखात ‘बेंगळुरू’ येथील लढाईचा उल्लेख आहे. दुसरीकडे, शिकारीत वाट चुकलेल्या होयसळ राजा वीर बल्लाळाला एका वृद्धेने उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्यावरून गावाला नाव पडले, ही कथा शहरातल्या बहुतेक मुलांना ठाऊक असते. कथेतला हा राजा, म्हणजे दुसरा वीर बल्लाळ, 1173 मध्ये गादीवर आला. कथा आणि शिळा ही दोन्ही वर्गासमोर कालानुक्रमाने मांडली आणि शिक्षक काही वेळ बोलला नाही, तर राजाच्या जन्माआधीच नाव अस्तित्वात होते ही विसंगती मुलांच्या ध्यानात आपोआप येते. त्यानंतरचा प्रश्न अधिक मोलाचा आहे: कथा खरी नसेल, तर लोकांनी ती इतकी शतके का जपली? साधनचिकित्सा, म्हणजे पुरावा कोणाचा, कधीचा आणि कशासाठी निर्माण झाला याची पारख, या जड शब्दाचा अर्थ अशा एका तासात जितका उमगतो, तितका व्याख्या पाठ करून उमगत नाही. शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन करणाऱ्या जयराम पिंड्यांच्या काव्याचे संपादन करणाऱ्या इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले, ते साधनांवाचून इतिहास उभा राहत नाही या जाणिवेने. ती जाणीव चौदा वर्षांच्या मुलालाही पेलते.

शहाजीराजांचा उल्लेख येथे ओघाने आला असला, तरी बेंगळुरूतील मराठी कुटुंबांच्या मुलांसाठी तो महत्त्वाचा आहे. 1638 मध्ये आदिलशाही फौजांनी शहराचे संस्थापक केंपेगौडा यांच्या वंशजांकडून ते घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे ते त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे गेले. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर मंदिरासंबंधीचा 1669 चा शिलालेख एकोजींनी देवाला गाव दान दिल्याचे नोंदवतो आणि तो कन्नडमध्ये आहे. भोसले घराण्यातील सत्ताधीशाचे दान स्थानिक भाषेत का नोंदवले गेले असावे, यावर मराठी आणि कन्नड घरांतली मुले एकत्र बसून विचार करू लागली, की राज्याराज्यांत वाटलेला इतिहास त्यांच्या हातून आपोआप जोडला जातो. ज्या दोन भाषांच्या वादाच्या बातम्या ही मुले मोठ्यांच्या तोंडून ऐकतात, त्या भाषांचा शेजार किती जुना आहे हे त्यांनी स्वतः शोधून काढावे, यासारखे दुसरे समाजशिक्षण नाही.

भूगोलाच्या बाबतीत तर शहर स्वतःच प्रश्नपत्रिका मांडते. 2022 च्या सप्टेंबरात बेंगळुरूच्या पूर्वेकडील वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि 2024 च्या उन्हाळ्यात त्याच शहरात बोअरवेल आटून टँकरसाठी रांगा लागल्या. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या, बारमाही नदी नसलेल्या या पठारावर पूर्वजांनी तलावांची साखळी बांधली होती आणि एका तलावाचे जादा पाणी ‘राजकालुवे’ नावाच्या नाल्यांनी पुढच्या तलावात जात असे. यांपैकी धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, संपंगी तलावाच्या पात्रात कंठीरव स्टेडियम उभे आहे आणि पिण्याचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरील कावेरीतून उपसून आणावे लागते. जुना नकाशा आणि आजचा नकाशा एकावर एक ठेवून मुलांनी आपल्या वस्तीतला नाला शोधला, आजी-आजोबांना आणि जुन्या दुकानदारांना विचारून त्याची मूळ वाट नोंदवली, तर पूर आणि टंचाई यांचे मूळ एकच असल्याचे त्यांना दिसते. आणि मौखिक इतिहास, म्हणजे माणसांच्या आठवणींतून जमवलेला पुरावा, नकाशाशी कोठे जुळतो व कोठे जुळत नाही हेही तपासता येते.

नागरिकशास्त्रात शिक्षकाला धैर्य लागते. शहराच्या महापालिकेची मुदत 2020 च्या सप्टेंबरात संपली आणि पुढची पाच वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. 2025 च्या सप्टेंबरात तिच्या जागी पाच महापालिका आल्या. नगरपालिकेची मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण व्हावी, असे 74 व्या घटनादुरुस्तीने आणलेले कलम 243-यू सांगते. कलम आणि वस्तुस्थिती शेजारी ठेवल्यावर मुले ‘मग असे का झाले?’ हे विचारणारच. तेव्हा विषय वादग्रस्त म्हणून बाजूला सारणारा शिक्षक मुलांना हेच शिकवतो, की राज्यघटना फक्त परीक्षेसाठी असते. त्याने स्वतःचे पक्षीय मत लादू नये हे योग्यच. पण न्यायालयात गेलेले वाद, प्रभागरचना, आरक्षण यांविषयीच्या बातम्या वर्गात आणून प्रत्येक बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद मुलांकडून मांडून घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

या साऱ्याला वेळ कोठून आणायचा, हा शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे, कारण दहावीची परीक्षा डोक्यावर असते. मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ या संस्थेने 1980 च्या दशकात काही सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी सुरू केलेल्या सामाजिक अध्ययनाच्या कार्यक्रमात पुस्तक उघडे ठेवून परीक्षा घेतली जाई. त्यामुळे माहिती आठवण्यापेक्षा तिचा अर्थ लावण्याला महत्त्व आले. परीक्षा बदलल्यावाचून अध्यापन बदलत नाही, हे त्या प्रयोगाने ओळखले होते. कर्नाटकात लेखी परीक्षेच्या जोडीला अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आहेत आणि ते आज अनेकदा सजवलेल्या प्रकल्पवह्यांवर खर्च होतात. त्याऐवजी 1669 च्या लेखाचा सारांश देऊन ‘यावरून काय खात्रीने सांगता येते, काय फक्त संभवते आणि काय सांगताच येत नाही?’ असा एक प्रश्न विचारावा, आणि तिसऱ्या भागाच्या प्रामाणिक उत्तरालाही पहिल्याइतकेच गुण द्यावेत. या बदलाची सुरुवात मंडळाच्या आदेशाची वाट न पाहता कोणतीही शाळा याच वर्षी करू शकते.